स्टेपनी ते स्टेज वन

खान्देशातल्या गॅरेजांमध्ये सध्या एक भांडण रंगलंय. दोन्ही बाजू गाडीवेड्या, दोन्ही बाजू खऱ्या!

धुळ्याच्या बस स्टॅण्डवर उतरून कोणालाही विचारा, "राष्ट्रीय महामार्ग साठ कुठून जातो हो?" समोरचा आधी तुमच्याकडे बघेल, मग तुमच्या सॅककडे. आता विचारा, "तीन नंबर कुठे?" लगेच हात लांब होतो, डावं-उजवं कळतं आणि नशीब जोरावर असेल तर चहाही मिळतो.

सरकारने २०१० साली महामार्गांचे नंबर बदलले. मुंबई-आग्रा रस्त्याचा जुना 'तीन' त्यात गेला. नाशिकहून धुळ्यापर्यंत तो ६० झाला आणि धुळ्याच्या पुढे, इंदूरच्या बाजूला ५२. हजिरा-कोलकाता 'सहा नंबर'चा ५३ झाला. सोलापूरहून कन्नडचा घाट उतरून येणारा २११ होता, तोही ५२ मध्ये जमा. पाट्या बदलल्या, नकाशे बदलले, मोबाइलमधली बाई नवे नंबर बोलायला लागली. धुळेकरांनी हे प्रकरण फारसं मनावर घेतलं नाही. भर गावातल्या बाजारपेठेला आजही आग्रा रोड म्हणतात. तिथून आग्र्याला कोणी निघत नाही, साड्या घ्यायला मात्र सगळे जातात.

सांगायचा मुद्दा असा, की रस्ता आणि गाडी यांच्याबद्दलचे शब्द इथली माणसं सहजासहजी सोडत नाहीत. साहजिक आहे. तीन मोठे रस्ते जिथे एकमेकांना छेदतात, तिथे बरंचसं गाव या ना त्या प्रकारे गाडीवरच जगतं. गॅरेजवाले, टायरवाले, बॅटरीवाले, कमानपाटेवाले, ढाबेवाले. रावेर-सावद्याची केळी ट्रक भरभरून उत्तरेला जातात. लळिंगच्या किल्ल्याखालून धुळ्यात शिरलात की गावाच्या आधी ग्रीसचा वास येतो.

आणि या वासातच मी ते भांडण ऐकलं.

कारण झाला माझा मामेभाऊ. हा पठ्ठ्या ठाण्यात आयटीत आहे. शुक्रवारी रात्री लॅपटॉप मिटला की त्याच्यातला पेट्रोलहेड जागा होतो. त्याच्याकडे पोलो आहे. (आपल्या चाकणला बनायची तीच. २०२२ साली ती बंद झाली तेव्हा या जमातीने जवळजवळ सुतक पाळलं होतं.) वीकएण्डला मामांकडे धुळ्याला आणि तिथून माझ्या मावशीकडे, म्हणजे त्याच्या आत्याकडे, जळगावला जायचं ठरलं. ठाण्याहून धुळं साधारण तीनशे किलोमीटर. कसारा, नाशिक, चांदवड, मालेगाव, लळिंग. एवढ्या वेळात माझं सॉलिड प्रशिक्षण झालं. गाडी कंपनीतून आली तशीच असेल तर ती 'स्टॉक'. तिच्या कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवली की 'रीमॅप', आणि त्यातली पहिली पायरी म्हणजे 'स्टेज वन'. वरून साधी दिसणारी आणि आतून भन्नाट पळणारी गाडी 'स्लीपर'. जमिनीला टेकेल इतकी खाली बसवलेली गाडी 'स्टान्स्ड'. आणि हे सगळं करून झाल्यावर जे उरतं (बँक बॅलन्स सोडून) ते 'बिल्ड'.

मी मास कॉमला भाषेचा एक पेपर दिलाय, त्यामुळे मला हे ऐकायला जाम मजा येत होती. मामांना येणार नव्हती, हे मला चांदवडलाच कळलं होतं.

मिसिंग!

मामांकडे अजून पद्मिनी आहे. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची गेली तेव्हा पेपरांनी मोठमोठे फोटो छापले होते. मामांची पद्मिनी अंगणात ताडपत्रीखाली असते आणि दसऱ्याला हार घालून एक चक्कर मारते. तिचा वस्ताद पारोळा चौफुलीजवळ बसतो. वस्ताद हा शब्द इथे नावासारखा वापरतात. त्याचं खरं नाव मामांनाही चटकन आठवलं नाही आणि तीस वर्षांत कधी अडलंही नाही.

शनिवारी सकाळी पद्मिनीची बॅटरी घेऊन आम्ही तिथे गेलो, पोलोमधून. मामेभावाने गॅरेजसमोर गाडी लावली आणि बंद करण्याआधी हौसेने एकदा रेस करून सोडली. सायलेन्सरमधून फाट-फाट-फटाक असे दोन-तीन आवाज निघाले. त्याचा चेहरा फुलला.

वस्ताद हातातला पाना खाली ठेवून उठला. पोऱ्याला म्हणाला, "प्लगपाना आण रे. गाडी मिसिंग करून राहिली."

"मिसिंग नाही काका. पॉप्स अँड बँग्ज आहेत ते. मुद्दाम केलंय."

"मुद्दाम?"

"मॅपमध्ये टाकून घेतलंय. चांगले पैसे मोजलेत."

वस्तादाने मामांकडे पाहिलं. मामांनी आभाळाकडे. मग वस्ताद अगदी शांतपणे म्हणाला, "म्हणजे चांगली गाडी पैसे देऊन बिघडवून घेतली, काबरं?"

बॉस, मी हसले खरी. पण नंतर वाटलं, या एका वाक्यात दोन पिढ्यांचं अख्खं भांडण आलं. कारण तांत्रिकदृष्ट्या वस्तादाचं म्हणणं खोटं नाही. तो फटाक आवाज येतो कसा? पाय अॅक्सिलरेटरवरून काढला की इंजिनाने पेट्रोल बंद करायचं असतं. या नव्या मॅपमध्ये ते थोडं चालूच ठेवतात आणि ठिणगी उशिरा पाडतात. त्यामुळे पेट्रोल सिलिंडरमध्ये धड न जळता पुढे सायलेन्सरच्या नळीत जाऊन पेटतं. वस्तादाने आयुष्यभर जी गोष्ट दुरुस्त करून पोट भरलं, पॉइंट घासले, प्लग साफ केले, टाइमिंग लावलं, तीच गोष्ट आता दुकानात विकत मिळते आणि तिला इंग्रजी नाव आहे!

मग मला तसेच शब्द दिसायला लागले. 'स्टान्स' घ्या. पुढून-मागून दबलेली गाडी पाहिली की वस्ताद म्हणणार "कमान बसली" आणि पाटा बदलायला सांगणार. 'पॅटिना' घ्या, म्हणजे जुन्या गाडीवरचा गंज आणि उडालेला रंग तसाच जपून ठेवणं. मामांच्या भाषेत त्याला "पत्रा खाल्ला" म्हणतात आणि तो डेंटिंगवाल्याकडे नेतात. 'कोल्ड स्टार्ट' तर कहर आहे. रात्रभर उभी गाडी सकाळी पहिल्यांदा सुरू करताना जो आवाज येतो, त्याचे व्हिडिओ काढून लोक एकमेकांना पाठवतात. धुळ्यात थंडी अशी पडते, की पारा पाच-सहा अंशांवर आल्याच्या बातम्या येतात. अशा पहाटे डिझेलची जीप सुरू करणं म्हणजे काय ते मामांनी मला सांगितलं. हीटर तापेपर्यंत थांबायचं, सेल्फ मारत बॅटरी बसवायची आणि शेवटी घरातल्या चौघांनी अंगावरची गोधडी टाकून धक्का मारायचा. त्याचा व्हिडिओ काढावा असं तेव्हा कोणालाही सुचलं नसतं. कॅमेरा असता तरी!

म्हणजे आपली पिढी ज्याला शौक म्हणते, त्यातल्या बऱ्याच गोष्टी मागच्या पिढीचे ताप होते. गाडी कंपनीतूनच इतकी बिनचूक येते की थोडा बिघाड आपणच वरून घालून घेतो, चवीपुरता. आणि ज्याने तो ताप काढलाय त्याच्यासमोर आपण त्याला "सिक" म्हणतो.

हो, 'सिक'वरूनही झालंच. "सिक आवाज आहे ना?" असं मामेभाऊ बोलून गेला. मामा तहसील कचेरीतून रिटायर झालेत, त्यांना 'सिक' म्हणजे फक्त रजेचा अर्ज माहीत. "आजारी आवाजाचं कौतुक करता? धन्य आहे तुमची!" स्लीपर म्हणजे त्यांच्यासाठी पुण्याची रात्रीची बस किंवा पायातली चप्पल. आणि मोठे टायर लावलेल्या थारला कोणी 'रिग' म्हटलं की मामांच्या डोळ्यांसमोर बोअरवेल मारणारं मशीन येतं. या पाण्याच्या टंचाईच्या मुलखात रिग हा शब्द इतका महागडा आहे, की तो विनोदाने कोणी वापरत नाही.

वेल्समधली एक गल्ली

आता मामांची बाजू बरोबर, असं म्हणून हा लेख संपवता आला असता. पण संध्याकाळी चहाच्या वेळी मामा म्हणाले, "आमच्या वेळी गाडीला साधे सरळ शब्द होते. स्टेपनी, डिकी, जीप, टेम्पो." आणि माझ्यातली पत्रकार ताठ बसली.

कारण स्टेपनी ही वेल्समधली एक गल्ली आहे! लॅनेली नावाच्या गावात स्टेपनी स्ट्रीट आहे. तिथल्या डेव्हिस बंधूंनी १९०४ साली एक जादा चाक तयार केलं. त्या काळच्या मोटारींना जादा चाक मिळतच नसे, पंक्चर झालं की रस्त्यात बसून टायर काढा, ट्यूब चिकटवा. या भावांनी बिनआऱ्यांची धाव बनवली, ती पंक्चर चाकाला बाजूने आवळून टाकायची आणि घरी यायचं. नाव दिलं गल्लीचं. कंपनी गेली, ती धाव गेली, इंग्लंडातले लोक 'स्पेअर व्हील' म्हणायला लागले. आपण मात्र अजून डिकीत स्टेपनी ठेवतो. डिकीही तशीच. बग्ग्यांच्या आणि सुरुवातीच्या मोटारींच्या मागे नोकरांसाठी उघड्यावरचं एक घडीचं आसन असायचं, त्याला इंग्रजीत 'डिकी' म्हणत. आसन गेलं, तिथे सामान आलं, शब्द बसून राहिला.

टेम्पो हे हॅम्बर्गजवळच्या एका जर्मन कारखान्याचं नाव. त्यांच्या परवान्यावर बजाज टेम्पोने १९५८ पासून आपल्याकडे तीनचाकी आणली. कंपनीने २००५ साली स्वतःचं नाव बदलून फोर्स मोटर्स केलं, पण आपण अजून कोणत्याही कंपनीची माल वाहणारी गाडी बघितली की "टेम्पो आला" म्हणतो. आणि जीप? तो तर चक्क अमेरिकन सोल्जरांचा टपोरी शब्द! सरकारी आद्याक्षरांवरून आला म्हणणारे आहेत, आणि पोपायच्या चित्रपट्टीत १९३६ साली 'जीप' नावाचा एक विचित्र प्राणी आला होता त्याच्यावरून म्हणणारेही आहेत. वाद मिटलेला नाही. पण १९४०च्या दशकात एखाद्या शिस्तीच्या म्हाताऱ्या कर्नलला तो शब्द ऐकून आपल्या मामांसारखंच वाटलं असणार.

एक शब्द मात्र अस्सल मराठी निघाला, आणि तो कोणाला मराठी वाटतच नाही. सुमो. टाटांची ही गाडी १९९४ साली आली. नाव जपानी पैलवानांवरून असेल असंच सगळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात टाटा मोटर्स उभी करणाऱ्या सुमंत मूळगावकरांच्या नावा-आडनावाची ही पहिली अक्षरं. मामांना हे माहीत नव्हतं. मामेभावालाही नव्हतं. दहा मिनिटं दोघांचं एकमत होतं, तेवढीच.

मी हे सगळं मामांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "असेल. पण स्टेपनी म्हटलं की वस्तादाला कळतं, ड्रायव्हरला कळतं, मामीला कळतं. तुझ्या भावाचं बोलणं वस्तादाला कळतं का?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

राजवाड्यांच्या गावात

शब्दांवरून डोकं तापवून घ्यायला धुळ्याइतकं योग्य गाव नसेल. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आयुष्याच्या शेवटी इथेच होते आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी इथेच गेले. गावोगाव हिंडून जुनी दप्तरं, पोथ्या गोळा करणारा हा माणूस. मराठी मरणपंथाला लागलीय का, हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी त्यांनी विचारला होता. (म्हणजे आपल्या कॉलेजच्या वादविवाद स्पर्धांचा विषय नवा नाही!) त्यांच्या पश्चात इथे राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. मराठी धातूंचा आणि शब्दांच्या व्युत्पत्तींचा त्यांचा प्रचंड कोश या मंडळाने छापला.

मला रविवारी सकाळी तिथे बाहेरून चक्कर मारताना एक गंमत वाटली. राजवाड्यांना शब्द कुठून आला याचं वेड होतं. आमच्या मामांना शब्द कोणाला कळतो याची काळजी आहे. आणि आपल्या एसटीला, जिची पहिली बस १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला गेली, तिला शब्द शुद्ध हवा होता. म्हणून गाडीत चालक आणि वाहक असं लिहिलेलं असतं. पण गाडी थांबवायची वेळ आली की शुद्ध मराठीतला कट्टर कार्यकर्तासुद्धा "ओ कंडक्टर!" असंच ओरडतो. वाहक हा शब्द छान आहे, फक्त त्याला हाक मारता येत नाही.

पारोळ्याच्या पुढे

धुळे-जळगाव हे अंतर नव्वद-पंचाण्णव किलोमीटर. फागणे, मुकटी, पारोळा, एरंडोल, पाळधी. या रस्त्याचं चौपदरीकरण इतकी वर्षं रेंगाळलं की त्यावर अख्खी पिढी शिव्या शिकली. आता गाडी सुटते. दोन्हीकडे कपाशी, मधूनच केळीच्या बागांचा हिरवा पट्टा. बांभोरीला गिरणेचा पूल येतो आणि टेकाडावर विद्यापीठ दिसतं. १९९० साली ते उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ म्हणून सुरू झालं, २०१८ पासून त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. लिहिता-वाचता न येणाऱ्या आणि घरच्या लेवा बोलीत रचना करणाऱ्या बाईचं नाव विद्यापीठाला. या मुलखात बोलीची पत काय आहे ते यावरून समजा.

बोलीवरून आठवलं, खान्देशात भाषा दर पंचवीस किलोमीटरला गिअर बदलते. धुळं, पारोळा, अमळनेर या बाजूला अहिराणी. जळगावच्या पुढे भुसावळ, यावल, रावेरकडे गेलात की लेवा बोली. आणि बाजारात दोन्हींना हिंदीची फोडणी.

जळगावात शिरण्याआधी हायवेवर पोहे-चहाची टपरी लागली आणि तिथे मामेभावाचे दोस्त भेटले. सहा-सात गाड्या. एक जुनी झेन, एक उंच केलेली थार, दोन पोलो. नंबरप्लेटा एमएच १८ आणि एमएच १९, म्हणजे धुळे विरुद्ध जळगाव, आणि त्यावरून आपापसात चिमटे. पूर्वी या प्लेटांवर मोठी कलाकारी चालायची, ४१४१ चा 'दादा' आणि ८०५५ चा 'बॉस'. एप्रिल २०१९ पासूनच्या गाड्यांना कंपनीकडूनच उच्च सुरक्षा पाटी येते, तिच्यावर रंगकाम करता येत नाही. एका जिवंत मराठी लिपीकलेचा अंत! असो.

तर मी कान देऊन बसले. आणि मला जे ऐकू आलं ते मामांनी ऐकायला हवं होतं. अमळनेरच्या एका पोराने दुसऱ्या पोलोभोवती फेरी मारली आणि विचारलं,

"हाई स्टॉक शे का?"

"नही भो. स्टेज वन करेल शे."

करेल शे! मूळ शब्द कुठला, तो आला कुठून, पण शेवटी बसला तो आजीच्या क्रियापदाला टेकून. आमचा ठाणेकर पेट्रोलहेड रस्ताभर जे बोलत होता त्यात 'यार' आणि 'आहे' सोडले तर मराठी शोधावी लागत होती. ही पोरं तेच शब्द घेऊन सरळ अहिराणी बोलत होती. मला वाटतं, स्टेपनीचंही असंच झालं असणार. कोणीतरी पहिल्यांदा "स्टेपनी काढ" म्हटलं असेल, आणि त्या 'काढ'ने काम केलं असेल.

पोरांना एकाच शब्दाचा धसका होता. तो शब्दही इंग्रजीच आहे आणि त्याच्यावर दोन्ही पिढ्यांचं एकमत आहे. आरटीओ. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या गाडीत परस्पर बदल करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते आणखी स्पष्ट केलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. मोठा आवाज करणारे सायलेन्सर पोलिसांनी रस्त्यावर मांडून त्यांवरून रोडरोलर फिरवल्याचे फोटो तुम्हीही पाहिले असतील. तेव्हा मंडळी, 'पॉप्स' हा शब्द वापरायला हरकत नाही. तो वाजवण्याआधी विचार करा. शेजारी दवाखाना असेल तर दोनदा.

कान की कोड?

जळगावात अजिंठा चौफुलीच्या आसपास गॅरेजांची दाटी आहे. पोरांपैकी एकाला ब्रेक दाखवायचे होते, म्हणून आम्ही तिथे एका तिशीतल्या मेकॅनिककडे गेलो. तो टी-शर्टात, हातात लॅपटॉप. वडिलांचं गॅरेज, आता हा बघतो. मी त्याला वस्तादाचा किस्सा सांगितला. त्याने मान डोलावली. म्हणाला, "ताई, आमच्या वडिलांना गाडी न उघडता कळायचं."

आणि मग त्याने मला एक यादी ऐकवली. ती मी घाईघाईने टिपून घेतली. टकटक वाजलं तर टॅपिट. कुईकुई केलं तर पट्टा. घर्रघर्र असेल आणि वेगाबरोबर वाढत असेल तर चाकाचं बेअरिंग. फसफस आलं तर गॅस्केट. धूर काळा म्हणजे इंधन जास्त जातंय, निळा म्हणजे इंजिन ऑइल पितंय, पांढरा आणि थांबतच नसेल तर पाणी आत शिरतंय. गाडी 'दम तोडते' म्हणजे चढावर ताकद मिळत नाही. गाडी 'हवा धरते' म्हणजे डिझेलच्या नळीत हवा गेलीय. गाडी 'खाते', 'पिते', 'तापते', 'बसते'. बैलाबद्दल बोलावं तसं बोलायचे सगळे. गिऱ्हाइकाने एवढंच सांगितलं तरी निम्मं निदान झालेलं असायचं.

यातलं बरंच आता जाणार आहे. चोक गेला, पॉइंट गेले. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना बीएस-सहा सक्तीचं झालं आणि कार्बोरेटर मोटरसायकलींमधूनही बहुतेक गेला. बॅटरीवरच्या गाडीला ना टॅपिट ना धूर. तिच्या बिघाडाला आवाजच नसेल तर त्याला नाव कोण देणार? माझ्या मते वस्तादाच्या वैतागाचं खरं कारण हे आहे. पोरांनी इंग्रजी शब्द वापरले याचं त्याला काही नाही, त्याच्या स्वतःच्या तोंडात निम्मे शब्द इंग्रजीच आहेत. त्याचे शब्द कानातून आले होते, गाडीजवळ उभं राहून. ते गेले की त्याचा कानही रिकामा होतो, आणि कान हीच त्याची डिग्री आहे. इथे मी वस्तादाच्या बाजूने आहे. फक्त पोरांवर राग काढून उपयोग नाही, त्यांनी कार्बोरेटर बंद केला नाही.

तेवढ्यात एक शेतकरी काका बोलेरो घेऊन आले. "चढावर झटके देऊन राहिली," म्हणाले. मेकॅनिकने स्टिअरिंगखालच्या सॉकेटला वायर जोडली. स्क्रीनवर अक्षरं उमटली: पी-०३००. मी विचारलं, म्हणजे काय? तो इंग्रजीत वाचायला लागला, "रॅण्डम सिलिंडर मिसफायर..." मग काकांकडे वळून म्हणाला, "मिसिंग आहे काका. थांबा, ऐकतो." लॅपटॉप बाजूला ठेवून त्याने बॉनेट उघडलं आणि कान आत घातला.

मामेभाऊ माझ्याकडे बघत नव्हता.

जाता जाता

जायचंच असेल तर थंडीत जा. उन्हाळ्यात जळगाव ४५ अंशांपर्यंत जातं, आणि तेव्हा पॉप्स ऐकायला बाहेर कोणी उभं राहत नाही. मुंबईहून रेल्वेने जळगाव ४२० किलोमीटर, मेन लाइनवरचं जंक्शन असल्याने गाड्या भरपूर. गाडीने गेलात तर धुळ्यात थांबा, वस्तादाच्या गॅरेजसमोर रेस करू नका. थंडीत दोन्हीकडे भरिताचा सीझन असतो. मोठं हिरवं वांगं कपाशीच्या काड्यांच्या जाळावर भाजायचं, लाकडी बडजीत ठेचायचं, वर कांद्याची पात, शेंगदाणे, आणि बरोबर कळण्याची भाकरी किंवा पुरी. शेवभाजी मागवाल तर आधीच सांगा, तिखट कमी. ती कमी करत नाहीत, पण सांगितल्याचं समाधान मिळतं.

मावशीने रविवारी रात्री भरीतच केलं होतं. मामेभावाने ताटाचा फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "आत्याच्या हातचं भरीत. सिक!"

दोन मिनिटांत धुळ्याहून मामांचं उत्तर आलं, "ओवा खा. उद्या ड्रायव्हिंग तिला दे."